नानांच्या उरलेल्या अकरा गोष्टी

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचा! खोली ठीक आहे. घरमालकाने ती दाखवताना अशी काही छाती फुगवली, जणू राजवाड्याच्या किल्ल्या देतोय. एक पलंग, दोन खुर्च्या, कोपऱ्यात शेगडी, कुरकुरणारं कपाट आणि न्हाणीघर. एरवी त्याला दोन शब्द सुनावले असते, पण आज स्वारी खुशीत आहे. आज त्याला माफ.

नोकरी लागली! आवाजाची. सहा महिने चाचण्या देत वणवण केली. शाम्पूची जाहिरात, लिफ्टमधलं 'दार बंद होत आहे', कसल्या तरी बँकेचं 'कृपया प्रतीक्षा करा'. नाटकाच्या स्पर्धांत सात वेळा अभिनयाचं पहिलं बक्षीस घेतलेला माणूस मी, आणि एका शहाण्याने मला सांगितलं की तुमच्या आवाजात ऊब नाही. मी काय स्वेटर आहे?

काम मुलांच्या गोष्टी सांगायचं आहे. ही कंपनी बावीस वर्षं 'नानांच्या गोष्टी' काढते. नाना म्हणे घराघरांत पोचले होते. जानेवारीत ते गेले आणि शेवटच्या संचातल्या अकरा गोष्टी राहिल्या. ऐकणाऱ्याला फरक कळू नये असा आवाज कंपनीच्या मॅडमना हवा होता. मी दहा मिनिटांत नाना काढून दाखवले. त्यात आहे काय? नाक जरासं आवळायचं, वाक्याच्या शेवटी श्वास सोडायचा आणि वरून मध ओतायचा. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गालातल्या गालात हसू दाबून बसलो.

बुधवार, ६ मार्च

रेकॉर्डिंगची खोली कपाटाएवढी. भिंतींवर करडा फोम, एक माईक, कागद ठेवायला उतरतं स्टँड, समोर काच. खुर्चीवर नानांची उशी होती, त्यांच्या बुडाचा खड्डा पडलेली. मी ती बाहेर पॅसेजमध्ये भिरकावली.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसतो. याला एका कानाने ऐकू येत नाही! बहिऱ्याने आवाजाची पारख करायची, हा इथला कारभार. मी त्याचं नाव दीडकान ठेवलंय. बावीस वर्षं नानांसोबत होता म्हणे, पण त्यांचा विषय काढला की तोंडाला कुलूप.

गोष्टी तर काय विचारू नका. प्रामाणिक खार. आळशी ढग. रुसलेला ससा. असला चोथा ऐकून मोठी झालेली माणसं पुढे माझ्या नाटकांना येतात आणि मधेच जांभया देतात, यात नवल कसलं?

दुपारी कॉफीच्या मशीनपाशी मी नाना काढले. नाना टेलिफोन दुरुस्तीची तक्रार करतात, नाना केस कापणाऱ्याशी भांडतात. ऑफिसातल्या तिघीजणी पोट धरून हसल्या. दीडकान कप घेऊन जिन्यात जाऊन बसला.

सोमवार, ११ मार्च

आज नानांची बायको आली. दीडकान तिला काकू म्हणतो. चिमणीएवढी बाई, कडक इस्त्रीचे कपडे, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. मॅडमनी मोठ्या कौतुकाने तिच्या कानांना हेडफोन लावला. आता ही रडणार, हे मला माहीत होतं. म्हणून मी चवीला जरा जास्तच मध घातला.

ती रडली नाही. हेडफोन काढून ठेवला, बाथरूममध्ये गेली आणि ओकली.

नंतर पॅसेजमध्ये मला गाठलं. हात जोडून म्हणाली, "तुम्ही दुसरं काम बघा हो. हा आवाज आत्ता कुठे माझ्या घरातून गेला होता."

मला वाटलं, नवऱ्याची गादी दुसऱ्याला मिळाली म्हणून पोटात दुखतंय. मी कमरेत वाकून नानांच्याच आवाजात म्हणालो, "जशी आज्ञा, बाईसाहेब." ती भिंतीला अशी चिकटली की पाल बरी.

हा किस्सा मी रंगवून धाकट्या बहिणीला फोनवर सांगितला. ती हसली नाही. दादा, असं कुणी करतं का, म्हणाली. धाकटी शिक्षिका व्हायला निघालीये. कुत्र्याचं पिल्लू हरवल्याची बातमी वाचून हिचे डोळे भरतात. परीक्षेसाठी बावीस तारखेला इथे येणार आहे, चार दिवस माझ्या डोक्यावर.

गुरुवार, १४ मार्च

चार गोष्टी झाल्या. पाचवी चालू असताना दीडकानाने मधेच थांबवलं. आत्ता काय म्हणालात, असं विचारलं. मी कागदावरचं वाचलं होतं. त्याने रेकॉर्डिंग मागे नेऊन ऐकवलं.

खार झाडावर चढते. तिला अक्रोड दिसतो. मग थोडी शांतता. मग अगदी खालच्या, गोड आवाजात: "पाणी दे." पुन्हा शांतता. "ऐकलंस ना मी काय म्हणालो?" आणि पुढे परत खार.

कागदावर यातलं एक अक्षरही नाही. मला बोलल्याचं आठवत नाही.

मी गंमत केली, असं त्याला सांगितलं. असल्या माणसासमोर आपण गोंधळलेलं दिसायचं म्हणजे हद्दच.

शनिवार, १६ मार्च

आज पाव आणायला गेलो. 'एक पाव द्या' हे नानांच्या आवाजात बाहेर पडलं. खाकरलो, पुन्हा बोललो, पुन्हा तेच. दुकानदारीण आनंदली. गोष्टीतले नाना, गोष्टीतले नाना, म्हणत आतून तिची पाच वर्षांची पोर धावत आली.

मी खाली वाकलो आणि पोरीच्या कानात काहीतरी बोललो.

काय बोललो, माहीत नाही. ओठ हलताना कळत होते, एवढंच. पोरीच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसल्यासारखं झालं. ती जागच्या जागी उभी राहिली आणि तिच्या पायांवरून ओघळ खाली आला. तिच्या आईने मला विचारलं, काय सांगितलंत हो तिला? मी पाव न घेताच निघालो.

गळ्याचा डॉक्टर गाठला. हरवलेला चष्मा शोधावा तसा टॉर्च मारून तोंडात बघत बसला. गळा उत्तम आहे, विश्रांती घ्या, म्हणाला. यासाठी माणसं इतकी वर्षं शिकतात!

ताण आहे. बाकी काही नाही.

मंगळवार, १९ मार्च

माझा स्वतःचा आवाज आता फक्त सकाळी येतो, दात घासेपर्यंत. मग जातो.

आज काकूंच्या घरी गेलो. दुसरं कुणाला विचारणार? तोंड मिटून, हातात चिठ्ठी: 'मी बोलणार नाही. हे काय आहे ते सांगा.' तिने साखळी लावूनच दार उघडलं, चिठ्ठी वाचली. मग आत घेतलं.

स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच तिने सांगितलं. नानांनी कधी हात उगारला नाही. कधी आवाज चढवला नाही. समोर खुर्चीत बसवायचे आणि बोलायचे. तासन् तास, असंच गोड. तू कोण आहेस, तुझ्यात काय काय नाही, तुझ्यासारखीने खरं तर काय करायला हवं. ऐकता ऐकता पटायला लागायचं. त्यांना एक मुलगी होती. सतराव्या वर्षी ती गच्चीवर गेली, ती जिन्याने खाली आली नाही. दुसऱ्या दिवशी नानांनी आळशी ढगाची पहिली गोष्ट रेकॉर्ड केली. एका टेकमध्ये.

जानेवारीत ते इथेच फरशीवर कोसळले. पाणी दे, म्हणाले. तेव्हाही आवाज चढवला नाही. काकूंनी रेडिओ मोठा केला आणि पलीकडच्या खोलीत जाऊन बसल्या, सगळं शांत होईपर्यंत. "एकतीस वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांचं ऐकलं नाही," म्हणाल्या.

तेवढ्यात माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही. ते उघडलं.

"आता ऐकशील," ते म्हणाले.

काकू ओरडल्या नाहीत. पर्स उचलली, चपला घातल्या आणि चालत्या झाल्या. स्वतःचं घर माझ्या ताब्यात सोडून. मी मागे जाऊ शकलो नाही. नळाखाली पेला धरून एकामागून एक पाणी पीत राहिलो. नऊ पेले. तहान माझी नव्हती.

बुधवार, २० मार्च

नोकरी सोडतोय असं मॅडमना लिहून दिलं. त्यांचं एकच पालुपद, सहा गोष्टी उरल्यात.

दीडकान जिन्यापर्यंत सोबत आला. पहिल्यांदाच चार वाक्यं बोलला. दोन ओळींच्या मधे नाना जे पुटपुटायचे, ते कानावर पडू नये म्हणून तो हेडफोन बहिऱ्या कानाकडे सरकवायचा. हा आवाज माझ्याआधी तिघांना जमला होता, म्हणाला. पण त्या मधाच्या खाली समोरच्याबद्दल जी किळस होती, ती फक्त मला जमली. चाचणीतच त्याला कळलं होतं.

मग तेव्हाच का नाही सांगितलंस, हे विचारायला तोंड उघडणार होतो. त्याने घाईने दोन्ही कानांवर हात ठेवले.

गुरुवार, २१ मार्च

धाकटीला मेसेज केला. येऊ नकोस. मैत्रिणीकडे उतर. कारण विचारू नकोस.

तिचं उत्तर आलं: 'दादा, आत्ताच तर फोनवर म्हणालास लवकर ये! किती गोड बोललास रे आज. गाडीत बसले पण.'

मी फोन केलेला नाही. दिवसभर तोंडाला चिकटपट्टी लावून बसलोय. फोन कपाटात होता. मी नाही केला —

शुक्रवार, २२ मार्च, सकाळी

आली. पाठीवर बॅग, हातात पुस्तकं. माझ्या तोंडावरची चिकटपट्टी बघून खो खो हसली. पुरे झाली तुझी नाटकं, म्हणाली. मी लिहून दिलं: इथे थांबू नकोस. पाया पडतो. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग शेगडी पेटवून माझ्यासाठी पेज टाकली.

मी हिला आयुष्यभर बावळट म्हणत आलो.

दुपारी

दोन घास खायला पट्टी काढली. फक्त दोन घास —

भानावर आलो तेव्हा दीड तास गेला होता. पेजेवर साय धरलेली. ती माझ्यासमोर. खुर्चीत. हात मांडीवर. पुस्तक खाली जमिनीवर पडलेलं.

हळूच म्हणाली, "तू म्हणतोस ते बरोबर आहे दादा. मला आधी कसं कळलं नाही?"

काय म्हणालो मी? काय —

नंतर

न्हाणीघरात आहे. आतून कडी. तोंडात टॉवेल कोंबलाय, घशापर्यंत. वही गुडघ्यावर.

बाहेर बोलणं चालूच आहे.

माझं तोंड बंद आहे आणि बाहेर बोलणं चालू आहे. त्यांना माझी गरजच नाही आता. ती मधून मधून 'हो' म्हणते. शाळेत हजेरी द्यायची तशी.

नळ सोडला, पूर्ण. बादली दारावर आपटतोय. धाकटे ऐकू नकोस. ऐकू नकोस गं —

शांत झालं.

पावलं. तिची. दाराशी थांबली. टकटक करतेय.

ती बोलली. धाकटी बोलली. त्यांच्या आवाजात —

म्हणतात, तिचं आवरलं. आता तुझं. बस, ऐक.

किती हळू बोलतात. नळ सोडलाय तरी प्रत्येक शब्द

सात बक्षिसं, म्हणतात, आणि तुझं नाव आठवणारा एक माणूस सांग. मला आठवेना. आवाजात ऊब नाही म्हणणारा तो शहाणा खरं तेच बोलला होता, म्हणतात. तुझ्यात काहीच नाही, म्हणून तर मला आत यायला एवढी जागा

खरं आहे. अगदी खरं आहे. इतक्या प्रेमाने कुणी कधी सांगितलंच नाही मला —

नळ बंद कर, म्हणतात. केला.

टॉवेल काढ, म्हणतात. काढला.

आता कडी, म्हणतात, तुझ्यासारख्याने खरं तर