सही तंतोतंत जुळते

मंगळवार, ४ मार्च. संध्याकाळी ७ वाजून ४१ मिनिटं.

वेळ लिहून ठेवते आहे, पुढे लागेल. या मिनिटाला माझ्या घरात, माझ्या टीव्हीवर, माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीचा अपमान झाला.

मालिकेतला परग्रहवाला, माणसाचं कातडं पांघरून फिरणारा, गुप्तहेर खात्याच्या दारात येतो. तो परग्रहवाला आहे हे तिसऱ्या भागापासून आम्हाला माहीत, वॉचमनच्या बायकोला माहीत, फक्त खात्याला नाही. तिथली बाई त्याची सही घेते, कार्डावरच्या जुन्या सहीवर ठेवते, दिव्यासमोर धरते आणि म्हणते, "सही तंतोतंत जुळते. आत सोडा."

अगं भवाने, तंतोतंत जुळते म्हणूनच तर धर त्याला!

बँकेत मी जन्मभर सह्याच तपासल्या. माणसाच्या दोन सह्या सारख्या असतात, एकच कधी नसतात. एकदा शेपूट लांबतं, एकदा टिंब पळतं. रेघेवर रेघ बसली की समजायचं — खाली मूळ सही ठेवून कुणीतरी वरून गिरवली आहे. नव्याने लागलेल्या कारकुनालाही हे पहिल्या आठवड्यात कळतं.

मी म्हणे उठून उभी राहिले. मांडीवरचा सुपाचा वाडगा गालिच्यावर. हे म्हणाले, "अगं, नटी आहे ती. तिला ऐकू जात नाही."

गालिचा मीच पुसला. उद्या पत्र.

बुधवार, ५ मार्च

शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, राग आला की आधी समास आखायचा, मग लिहायचं. आखला. तरी चार पानं झाली. पुन्हा लिहून दीड पानावर आणली. 'अक्षम्य' हा शब्द तीनदा होता, एकदाच ठेवला. माझ्या मानाने हा संयमच.

दोन प्रेक्षकांची तक्रार जास्त वजनदार, म्हणून ह्यांचीही सही मागितली. तर म्हणे, "ठेव, वाचून करतो." चव्वेचाळीस वर्षांत या माणसाने माझ्यापुढचा एक कागद वाचून सही केली असेल तर शपथ! पत्र घेऊन हे खोलीत गेले, दार लावलं. अर्धा तास. दीड पानाला!

आले तेव्हा सही झाली होती. ह्यांची सही बघण्यासारखी असते. आख्खा जन्म नकाशे काढण्यात गेला, खालची रेघसुद्धा पट्टीशिवाय सरळ. पत्राची झेरॉक्स काढून फाइलला लावली. टपाल गेलं.

शुक्रवार, ७ मार्च

समोरच्या बाई चहाला आल्या. मालिका बघत नाहीत, बिचाऱ्या. मग मी सगळं सांगितलं, न विचारता.

परग्रहवाला ओळखायची माझी यादीच आहे. पहिल्या प्रसंगात जो खोकतो तो चौथ्यात मरतो. मरणारा "तो... तो..." एवढंच बोलतो, नाव सांगायला त्याला श्वास पुरत नाही. खात्याचा प्रमुखच शेवटी फितूर निघतो. आणि परग्रहवाल्याची एखादी बारीक सवय बदलते — फोन घेऊन बाहेर जातो, डावा हात वापरतो — आणि त्याची बायको म्हणते, "आज तुम्ही वेगळेच वाटताय," आणि हसून स्वयंपाकघरात जाते. त्या बायकोला कुणी तरी एक थोबाडीत द्यावी असं मला दर मंगळवारी वाटतं.

हे कोपऱ्यातून म्हणाले, "घरच्यांनी बघणं कधीच सोडलेलं असतं. परग्रहवाल्याला तेवढं पुरतं."

वाक्य बरं होतं. श्रेय दिलं नाही.

मग बँकेतल्या गोष्टी निघाल्या. निवृत्त हेडमास्तरांचा किस्सा सांगितला. हात कापायचा त्यांचा. तीनदा फॉर्म परत केला होता मी, रांगेसमोर — "सर, सही जुळत नाही." मी त्यांची नक्कल फार छान करते — पेन धरलेला हात, टेबलभर फिरणारा, तोंडाने "जरा थांबा हं, जरा थांबा." समोरच्या बाई हसता हसता ठसकल्या. हे उठून गॅलरीत गेले. शंभरदा ऐकलाय म्हणा त्यांनी.

मंगळवार, ११ मार्च

वाहिनीचं उत्तर आलं. 'आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' खाली कुणा व्यवस्थापकाची सही. सहीबद्दल चकार शब्द नाही!

आजचा भागही तसाच. अंधाऱ्या गोदामात पाच गुप्तहेर शिरले आणि "आपण वेगवेगळे होऊ" म्हणाले. का? पाच जणांत एक टॉर्च आहे ना? मी ओरडले. हे नेहमी माझ्याआधी ओरडतात, आज गप्प. उजवा हात खिशात. घरात, सोफ्यावर, हात खिशात कशाला?

बुधवार, १२ मार्च

स्मरणपत्र पाठवलं. पुन्हा ह्यांची सही, पुन्हा दार लावून. "आता काय वाचताय, तेच आहे," म्हटलं. "तुझं लेखन पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं," म्हणे. लग्न झाल्यापासून पहिली स्तुती, तीही खोटी!

शनिवार, १५ मार्च

वेळ जात नव्हता म्हणून गंमत केली. यादी घेतली आणि घरातल्या परग्रहवाल्याला लावून पाहिली.

दाढी वाढवली आहे. दीड महिना झाला. "बदल म्हणून," म्हणे. बटणांचे शर्ट सोडून टी-शर्ट घालतात. या वयात! लेसचे बूट गेले, सरकवायच्या चपला आल्या. चहा अर्धा कपच हवा, पुन्हा मागतात, पण अर्धाच. शब्दकोडं मी भरायचं, ते नुसतं सांगणार — म्हणजे माझ्याकडून चुका करून घेऊन वर हसणार. मंगळवारी नि शुक्रवारी अकराला 'फिरायला' जातात, तेही रिक्षाने. लेकीचा फोन आला की गॅलरीत.

सातपैकी सात!

मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, अहो, खरं सांगा, माझ्या नवऱ्याला कुठल्या ग्रहावर ठेवलंय? हसले. जरा उशिराच हसले. "त्याला बरं आहे तिकडे," म्हणाले. "तिकडे कुणी तपासत नाही."

काय तरी बोलणं! मी चहा टाकायला गेले.

रविवार, १६ मार्च

कालचं वाचलं, मग सात तारखेचं. 'हसून स्वयंपाकघरात जाते.' — थोबाडीत द्यायला हवी ती बाई कोण, ते कळलं.

हे काहीतरी लपवताहेत. काय, ते मला हवं आहे. विचारणार नाही. मी विचारलं की ती चौकशी होते, असं लेकीचं म्हणणं.

मंगळवार, १८ मार्च

सापळा लावला. कुरिअरवाल्याला दारात थांबवून ह्यांना म्हटलं, अहो, तुमच्या नावाचं आहे, सही करा. "चष्मा सापडत नाही, तूच कर." चष्मा डोक्यावर होता. मी काही बोलले नाही. मी! काही बोलले नाही! याची नोंद व्हावी.

भाग पाहिला. कोण मेलं ते आठवत नाही.

गुरुवार, २० मार्च

वाहिनीचं दुसरं उत्तर. तेच पत्र, तीच सही. मला शंका आलीच. दोन्ही पत्रं एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावली. उन्हात लख्ख दिसलं — रेघेवर रेघ, टिंबावर टिंब. छापील सही! माणूस नाहीच तिथे. मी एकटीच मोठ्याने हसले. पकडला! शेवटी पकडला एक परग्रहवाला, तोही खिडकीच्या काचेवर, पगाराशिवाय.

तिसऱ्या पत्राला पुरावा म्हणून ती पानं फाइलला लावायला घेतली. आमच्या दोन पत्रांच्या झेरॉक्स वरच होत्या. हात काचेला होताच. सवय वाईट. त्याही लावल्या.

माझ्या दोन सह्या — एक आडवी पडलेली, दुसरी रागाने उभी. ठीक.

ह्यांच्या दोन सह्या. एक.

तीनदा लावून पाहिल्या. पानं उलटी केली, चष्मा पुसला. खालची ती लांब रेघ, पट्टीशिवाय सरळ — रेघेवर रेघ. आणि मध्ये, 'र'च्या पोटात, एक बारीक गाठ, दोन्हीकडे त्याच जागी. गिरवणाऱ्याचा हात जिथे दमतो, तिथे अशी गाठ येते. एकतीस वर्षं दुसऱ्यांना शिकवलं हे मी.

शुक्रवार, २१ मार्च

हे अकराला 'फिरायला' गेले. मी त्यांचा नकाशांचा खण उघडला. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. गुप्तहेर हे करताना पार्श्वसंगीत असतं. इथे फक्त शेजारचा मिक्सर.

वरती ट्रेसिंगचे कागद. लेकीच्या लग्नाच्या नोंदणीतली जुनी सही, तिची झेरॉक्स, कडा बोटांनी मळलेल्या. त्याखाली सरावाचे कागद. सही, सही, सही. शंभर तरी असतील. पहिल्या पानावर बऱ्या. मग रेघ लाटेसारखी. मग अक्षरं लहान लहान होत गेलेली, शेवटच्या पानावर मुंगीएवढी, आणि एका ठिकाणी पेन घसरून कागद फाटलेला.

तळाला दवाखान्याचं कार्ड. मंगळवार, शुक्रवार, अकरा. 'रोज दहा मिनिटं मोठी अक्षरं, मोठे गोल काढणे.' आजाराचं नाव वाचलं. इथे लिहीत नाही.

सगळं होतं तसं ठेवलं. मग लेकीला फोन लावला. माझा आवाज ऐकूनच तिला कळलं. तिला डिसेंबरपासून माहीत आहे! खूप ओरडणार होते. आधी एकच विचारलं — मला का नाही सांगितलं?

ती म्हणाली, "बाबा म्हणाले, इतक्यात नको. तुझी आई हेडमास्तरांची नक्कल कशी करते, आठवतं ना?"

शनिवार, २२ मार्च

वाहिनीला तिसरं पत्र लिहिलं नाही.

हेडमास्तर चौथ्यांदा आले नव्हते. मुलगा आला होता. नियम साधा होता, मला पाठ होता — खातेदाराचा हात बदलला असेल तर त्याला खुर्ची द्यावी, समोर बसवून नवी नमुना सही घ्यावी, जुनं कार्ड रद्द करावं. पाच मिनिटांचं काम. मी ते केलं नाही, कारण रांग होती, आणि रांग हसत होती. मग घरी येऊन ह्यांना हसवलं. हे तेव्हा हसायचे. कधी थांबले, ते मला सांगता येणार नाही. घरच्यांनी बघणं कधीच सोडलेलं असतं.

सगळ्या मालिकेत मी परग्रहवाला शोधत होते. त्याला भीती कुणाची असते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. दारात बसलेल्या बाईची.

मंगळवार, २५ मार्च

हे 'फिरून' आले. चहा दिला, अर्धा कप. मीही अर्धाच घेतला. बघत राहिले माझ्याकडे. बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून आलं, "दाढी शोभत नाही." चव्वेचाळीस वर्षांचा सराव, एका दिवसात जात नाही. हे म्हणाले, "माहीत आहे," आणि कप दोन्ही हातांनी धरून प्यायले. माझ्यासमोर. पहिल्यांदाच.

मला बोलता येत नाही, हे सिद्ध झालं. लिहिता येतं.

बुधवार, २६ मार्च. सकाळी ९ वाजून ५ मिनिटं.

समास आखून लिहिलं, नक्कल इथे ठेवते. मूळ ह्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवलं आहे.

'विषय — नमुना सही बदलणे. महोदय, आपली जुनी नमुना सही आजपासून रद्द करण्यात येत आहे. ती मागण्यात या कार्यालयाकडून गंभीर चूक झाली, ती अक्षम्य आहे. आपण मंगळवार, १ एप्रिल रोजी संध्याकाळी सातच्या आत, म्हणजे मालिका सुरू होण्यापूर्वी, लेखी उत्तर द्यावं. समोर बसून, स्वतःच्या हाताने, जुनी सही खाली न ठेवता. लागेल तितका वेळ घ्यावा. खुर्ची दिली जाईल, रांग नाही. दोन सह्या कराव्यात. तंतोतंत जुळल्या तर परत पाठवीन.'