कणगीवर बसवलेली मांजर

आत्याबाई,

सगळ्यात आधी आली ती सोसायटीच्या चेअरमनची आई. लेक नाही, जावई नाही, ती. तुम्ही होतात तेव्हा ती आळीतली नवी सून होती, सकाळी आपल्या चुलीतला विस्तव मागून न्यायची. आता तिच्या पोराच्या हातात गावाचं खत-बियाणं आहे, पण विस्तव मागायची सवय गेली नाही तिची, नुसता विस्तव बदलला. काठी टेकत आली, उंबऱ्यावर बसली अन् पाणी प्यायच्या आधीच म्हणाली, "कुत्र्याला पोतं घेतलंस म्हणं?" मी म्हणाले, घेतलं. मांजरीला सुकट? घेतली. भाकड गाईला वाकळ शिवलीस म्हणं? शिवली की, दोन शिवल्या, एक वाळत पडली तर दुसरी अंगावर. तिनं पदर सारखा केला अन् म्हणाली, "मग माज्यासाठीबी काई हाय का बघ. मीबी दूध देईना झाले." लई हसलो आम्ही दोघी. अन् हसता हसता तिनं खरी बातमी दिली, की माझी लेक, तुमची नात, अन् नातजावई अंबाजोगाईहून गाडी करून निघालेत, धारूरला चहाला थांबलेत, तिच्या पोराला फोन आलता. मला न्यायला येतायत.

मी उठले अन् पहिलं काम काय केलं, तर चुलीपाशी झोपलेली मांजर उचलून ज्वारीच्या कणगीवर नेऊन बसवली. ते कावून, ते पुढं सांगते. तुमच्या सुनेला एका ओळीत सांगता येत नाही, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही म्हणायच्या, हिला मीठ मागावं तर ही समुद्रापासून सुरू करती.

झालं असं, की दसरा झाला अन् माझं पोरगं, तुमचा नातू, अन् नातसून मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसून ऊस तोडायला गेले. माझी नातवंडं आता शिकायला बाहेर आहेत, त्यांना कारखान्यावरच्या पाचटाच्या कोपीत सांभाळायला माझी गरज उरली नाही. मग माझ्या माघारी माझं ठरवून टाकलं सगळ्यांनी. घराला कुलूप लावायचं, म्हातारीनं हिवाळाभर लेकीकडं अंबाजोगाईला राहायचं, गाय बाजारात द्यायची, मांजर तिचं ती बघंल, अन् कुत्र्याचं कोणी नावच काढलं नाही. मला सांगितलं तेव्हा मी मान हलवली. मान हलवली म्हणजे हो म्हणाले असं त्यांना वाटलं. मी मानेवरची माशी उडवत होते.

आत्याबाई, मला या घरात सून होऊन इतकी वर्षं झाली, पण या घराचा हिवाळा मी एकदाही बघितला नाही. लग्नाची हळद उतरली नव्हती तेव्हापासून दसरा सरला की आम्ही कारखान्याला, अन् पाडव्याला परत. शाळू पोटऱ्यात येतो तेव्हा मी परमुलखात उसाच्या फडात. हुरडा निघतो तेव्हा मी फडात. मार्गशीर्षातल्या अवसेला, येळवसला, सगळा गाव आपापल्या रानात कडब्याची कोप करून भज्जी-आंबील खातो, अन् मी कारखान्याच्या कोपीत पाचटावर बसून कोरड्यास-भाकरी खाते. आमच्या घराच्या मागं सकाळी धुकं उतरतं का, ऊन आधी कोणत्या भिंतीवर येतं, हे मला लोक सांगायचे. तो हिवाळा तुमच्या वाट्याचा होता. तुम्ही गेल्यावर कुलुपाच्या वाट्याला गेला. आता हात कोयत्याला चालत नाहीत तर म्हणतात चल अंबाजोगाईला, दुसऱ्या मजल्यावर. मी म्हणाले, बघू कोण नेतंय.

म्हणून आठ दिवस मी मुंगी झाले. कडब्याच्या पेंढ्या घराच्या मागं रचल्या, वर बोराटीच्या फांद्या टाकल्या, नाहीतर गावची मोकळी गुरं एका रात्रीत चट्टामट्टा करतात. गवऱ्यांचा ढीग लावून वरून शेणानं सारवला. मीठ, मिरचीपूड, करडीचं तेल, गूळ, चहा, काड्यापेट्या प्लॅस्टिकात बांधून. जनावरांच्या दवाखान्यातून गोचिडाची पावडर आणली. कुत्र्यासाठी बाजरी घेतली, दळून पोत्यात भरली, त्याला जुनं जोतं खरडून झोपायला खड्डा केला अन् त्यात तुमचं धाबळं अंथरलं. हो, तुमचंच. अन् मांजरीची सुकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आहे, पण वास कुठं राहतो डब्यात. तुमच्या गळ्यात माळ, अन् तुमच्या माजघरात सुकटीचा वास. या आता, मारा पळी.

ती पळी माझ्या बोटांना अजून आठवते. तो दुष्काळ. आडात दगड टाकला तर टण्ण वाजायचा. सहकारी कारखान्यानं जनावरांची छावणी उघडली होती, आपली बैलं तिथं नेऊन बांधली, अन् कुत्रं बैलांच्या मागं मागं गेलं तर छावणीवाल्यानं त्याला हाकलून दिलं, म्हणाला कुत्र्याला दावण नसते. आम्हा दोघा नवरा-बायकोला कारखान्याला निघायचं होतं, तुम्ही अन् पोरं मागं राहणार होता. निघायच्या आधी कणगी भरायची. तुमची रीत अशी, की आधी घरातली तोंडं मोजायची, मग तोंडाप्रमाणं ज्वारी कणगीत टाकायची, कडुलिंबाचा पाला घालायचा, शेणमातीनं तोंड लिंपायचं अन् ओल्यावर आपला पंजा उमटवायचा. तुम्ही म्हणालात, तोंडं मोज. मी मोजली. पोरगी, पोरगा, तुम्ही, अन् चौथं म्हणाले. "चौथं कोण?" मी म्हणाले, कुत्रं. तेव्हा पळी बसली, बोटाच्या पेरांवर.

"कुत्र्याचं तोंड गावाचं असतं," तुम्ही म्हणालात. "कणगीत त्याचा वाटा धरायचा न्हाई. अन् अशा साली तर नावबी काढायचं न्हाई."

पण तुम्हाला ठाऊक नव्हतं, की मी महिनाभर रोज माझ्या ताटातल्या भाकरीचे पाच-सहा कुटके मोडून वाळवत होते. जुन्या चोळीची पिशवी शिवली, कुटके भरले, गवऱ्यांच्या मागं खुपसली, अन् लेकीच्या कानात सांगितलं, रोज एक, आजीच्या नजरंआड. अन् निघताना कणगी भरलेली बघून माझा जीव भांड्यात पडला. तुमचा पंजा वर छान उमटला होता. मी ट्रॅक्टरवर बसून रस्ताभर म्हणत गेले, माझी पोरं उपाशी राहत नाहीत.

पाडव्याला आलो. पोरं धडधाकट, कुत्रं जिवंत, तुम्ही तेवढ्या अर्ध्या झालेल्या. मी भाकरी टाकायला कणगीत हात घातला तर कोपरापर्यंत भुसकट. पार तळापर्यंत. वरचा थर तेवढा ज्वारीचा होता, तो तुम्ही पोरांना पुरवून पुरवून घातला. मी तशीच भुसकटाचा हात घेऊन बाहेर आले अन् विचारलं, हे काय. तुम्ही वात वळत होतात. मान वर न करता म्हणालात, "रिकामी कणगी बघून तुजा पाय निगाला असता का?" मी विचारलं, मग तुम्ही काय खाल्लं. तेव्हा तुम्ही गवऱ्यांकडं बघितलं. मला वाटलं आता चोरीबद्दल ऐकून घ्यावं लागतंय. तुम्ही म्हणालात, "अर्दे त्यानं खाल्ले, अर्दे मी. त्याचा वाटा होता. मी मागून घेतला."

अन् एवढं होऊनसुद्धा, आत्याबाई, पुढल्या दसऱ्याला मी तोंडं मोजताना कुत्रं म्हणाले तर परत पळी. असं माणूस मी दुसरं बघितलं नाही.

तर आता पाव्हण्यांचं. आले दोघं. जावई भला माणूस आहे, चपलांचं दुकान आहे, कोणाच्या घरात शिरला की आधी पायाकडं बघतो. लेकीनं आल्या आल्या माझी पिशवी कुठं आहे विचारलं. मी म्हणाले, पिशवी भरली नाही, घर भरलंय, बघून घे. अन् दोघांना फिरवलं. कडबा दाखवला, गवऱ्या दाखवल्या, तेल, मीठ, गोचिडाची पावडर, गाईच्या दोन्ही वाकळी. चेअरमनची आई मागून मागून येत होती अन् मीच सांगितलेलं परत सांगत होती. जावई म्हणाले, "मामी, दुकान टाकता का काय?" मी म्हणाले, टाकते, पण गिऱ्हाईकं चार पायाची.

लेक हसली नाही. ती म्हणाली, "माय, पडलीस-झडलीस तर कोन बगंल?" मी म्हणाले, पडले तर कुत्रं भुंकंल, कुत्रं भुंकलं की ह्या चेअरमनच्या आईला जाग येती, अन् ती उठली की साऱ्या गावाला उठवती. दवाखान्यात तरी याहून बरी सोय असती का? चेअरमनची आई म्हणाली, हे मात्र खरं हाय. लेकीनं गाईचा विषय काढला, खाती अन् देत काही नाही. मी म्हणाले, मीबी तेच करते, मलाबी बाजारात घाल.

जेवायची वेळ झाली. लेक पदर खोचून म्हणाली, कणगी फोड, ह्यांना ज्वारीची भाकरी लागती. जावयांनी कणगीच्या पोटावर थाप मारली अन् म्हणाले, गच्च भरली की मामी. वर मांजर बसलेली, हलायला तयार नाही, सुकट खाऊन सुस्त. लेकीनं मांजरीला हात लावला अन् माझ्या तोंडून निघून गेलं, "लिंपलेली कणगी येळवस झाल्याबिगर फोडत न्हाईत. तुज्या आजीचा दंडक हाय."

असा दंडक तुम्ही कधी केला नाही, आत्याबाई. जन्मभर तुमच्या दंडकांशी भांडले, अन् अडचणीत आले तर तुमच्या नावावर नवा करून ठेवला. लेकीचा हात थांबला. तिनं कणगीकडं बघितलं. वर माझा पंजा उमटलेला, शेणमाती अजून पुरती वाळली नव्हती. तिनं बोटाच्या पेरानं वर एकदा टकटक केलं. मग वाकून खाली एकदा केलं, अन् आवाज दोन निघाले. जावयांना चपलांतलं कळतं, कणगीतलं कळत नाही. ती तुमच्या हाताखाली वाढली आहे. मी चुलीत तोंड घालून फुंकणी फुंकत बसले, धूर नसताना डोळे पुसले.

मग ती कुत्र्याच्या पोत्याकडं गेली अन् परात भरून बाजरीचं पीठ काढलं. थापल्या भाकरी. जावयांनी तीन खाल्ल्या, म्हणाले अशी गोड बाजरी अंबाजोगाईला मिळत नाही, कुठून आणली. चेअरमनच्या आईला ठसका लागला. कुत्रं दारात बसून प्रत्येक घासाकडं बघत होतं, तर लेकीनं उठून चतकोर त्याच्यापुढं टाकला अन् त्याला म्हणाली, तुजाच वाटा हाय बाबा, आमी मागून घेतला. जावयांना वाटलं ती गंमत करते.

गाडीत बसताना तिनं परत एकदा चल म्हणून बघितलं. मी दाराची चौकट धरून उभी राहिले. तिनं रोज फोन करायचं कबूल करून घेतलं, तेवढं मी केलं. मग म्हणाली, येळवसला येतो आम्ही, रानात आपली कोप करायची. "अन् येताना पोतंभर ज्वारी आणते." जावई म्हणाले, अगं कणगी भरलीय की त्यांची. तेव्हा ती माझ्याकडं बघून म्हणाली, "असू द्या. तोंडं लई हायेत या घरात."

गाडी गेली. पाऊस यंदाही मधेच रुसला होता, आत्याबाई, रानात झाली ती ज्वारी कणगीत चार बोटं. होते त्या पैशात कडबा घेतला, बाजरी घेतली, अन् माझं मागं राहिलं. खाली भुसकट आहे. पार तुमच्यासारखं, वर एक थर. मी मरत नाही, सोसायटीच्या दुकानात रेशनचा गहू येतो, चेअरमनची आई पीठ घेऊन उद्या येणारच आहे अन् ते उसनं म्हणून देणार आहे. कोणी मला हलवत नाही इथून. आज सकाळी मी बघितलं, ऊन आधी गोठ्याच्या भिंतीवर येतं, अन् कुत्रं मला विचारल्यावाचून तिथंच जाऊन बसतं.

हा कागद कुठं पाठवायचा ते ठाऊक नाही. लिंपण जरा उकलून कणगीतच ठेवते, ज्वारीच्या थराखाली, भुसकटावर. तोंडं मोजताना मी कुत्रं मोजलं, मांजर मोजली, गाय मोजली. माझं मोजायचं राहिलं. कणगी भरताना तुमच्या हातून तुमचंही तसंच राहिलं होतं का, ते विचारायला मला इतकी वर्षं लागली.

येळवसला येतो म्हणालेत.