चार स्क्रूंची पेटी

मी, कैलास हिरामण भोपी, वय ६७, राहणार मांजर्ली, बदलापूर पश्चिम, आनंदनगर एमआयडीसीतून निवृत्त झालेला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. शुगर आहे, पण डोके शाबूत आहे. मुलगा सुयोग याला शंका असल्यास सोबतचा डॉक्टरांचा दाखला पाहावा.

१. राहता फ्लॅट व ठेवी पत्नी निर्मला हिच्या. तिच्यानंतर सुयोग व मुलगी अक्षदा यांना निम्मे निम्मे. भांडायचे असल्यास आईसमोर भांडू नये.

२. मीटर, सोल्डरिंगचे सामान व सुट्या भागांचे सगळे डबे अक्षदाला. लहानपणी तिने हात लावला तेव्हा मी ओरडलो होतो. पुढे ती हेच काम दुसऱ्याकडून शिकली. ते मला अजून लागते.

३. सुयोगला माझे घड्याळ. खाली सांगितलेला कमरेला लावायचा संगणक त्याला नाही. तो म्हणाला होता, "बाबा, हे लटकवून कोण फिरणार? मोबाईल आहे ना." त्याचा मोबाईल चिकटवलेला असतो. बॅटरी गेली की दुकानदार नवा घ्या म्हणतो.

४. हा संगणक मी आणि कुळगावचा मिलिंद शेलार यांनी सात वर्षे रविवारी बसून बनवला. आमच्यासारख्या खटपट्या माणसासाठी. पट्ट्याला अडकवायची पेटी, उन्हात वाचता येणारा पडदा, डाव्या हाताच्या पाच कळा, म्हणजे उजव्या हातात सोल्डरिंग आयर्न धरता येते. सेल कुठल्याही टपरीवर मिळणारे. आणि चार स्क्रू काढले की सगळे उघडे. चिकटवायचे काही नाही, ही माझी अट होती.

मी लग्नाला गावी गेलो असताना मिलिंदने पेटीच्या सांध्यांना सिलिकॉन भरले. म्हणाला, "कैलासभाऊ, तुमच्याकडे पाणी भरतं, म्हणून केलं." त्याच पावसाळ्यात, २०२१ साली, घरात कमरेएवढे पाणी आले. पुरानंतर आम्ही मांजर्लीकर करतो तसे रेडिओ, मीटर, सगळे उघडून धुतले, स्पिरिटने पुसले, गच्चीवर वाळवले. सगळे चालू झाले. पेटी मात्र सिलिकॉनमुळे स्क्रू काढूनही उघडेना, आत पाणी घेऊन बसली. मी चारचौघांत मिलिंदला म्हणालो, "तू माझी सात वर्षं बुडवलीस." तो उठून गेला. पुन्हा आला नाही.

५. या कागदासाठी मालमत्तेची यादी करताना मी ती पेटी माळ्यावरून काढली आणि ब्लेडने कापली. दहा मिनिटे लागली. पुराच्या दुसऱ्या दिवशीही तेवढीच लागली असती, पण तेव्हा मला राग धरून बसायचे होते. सिलिकॉन कुठेही सुटलेले नव्हते. पाणी खालच्या भोकातून आले होते. जादा वायरसाठी ते मी पाडले होते आणि बुजवायचे विसरलो होतो.

६. म्हणून कापलेली पेटी आणि नंतर मी एकट्याने बनवलेली दुसरी, दोन्ही मिलिंदला. त्याने आधी जुनी पाहावी, भोक दिसेल. माझी चूक झाली. हे मी तोंडावर सांगू शकलो नाही. कुळगाव पंधरा मिनिटांवर आहे, तरी पाय निघत नाही. मी असेपर्यंत त्याला कोणी सांगू नये.

साक्षीदार म्हणून मला मिलिंदच हवा होता. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही देताय त्याची साक्ष नको. नाहीतर सहीपुरता तरी तो घरी आला असता.

सही: कैलास हिरामण भोपी

आमच्यासमक्ष सही केली:
१. सुजित गायकर, शेजारी
२. प्रगती वाघ, शेजारी

बदलापूर, १९ ऑक्टोबर २०२५