तेविसावा प्रश्न

दि. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. नमस्कार नेहमीसारखा पळता पळता नाही, नीट वाकून केलाय, कारण बातमी मोठी आहे.

ताई, मला काम आवडलंय! वाचून खुर्चीवरून पडू नकोस. टाकून दिलेली, जखमी कुत्री सांभाळणारी ही संस्था म्हणजे चार लांबलचक शेड, एक ऑफिस आणि सगळीकडे फिनेलचा वास. सकाळी मी भांडी वाजवली की एकशे बारा कुत्री एकदम बोलतात. आपल्या सगळ्या आत्या एका खोलीत जमल्या की होतं ना, तस्संच. फक्त ही लवकर गप्प बसतात.

त्यात एक तपकिरी आहे, मागचा पाय अधू. बादली, झाडू, डॉक्टर, पोस्टमन, दिसेल त्याच्याशी हुज्जत घालतो, म्हणून मी त्याचं नाव वकील ठेवलंय. माझ्यापुढे मात्र केस मागे घेतो.

आता खरं सांगतो. पिंजरे आहेत साठ. एकात दोन, कुठे तीन कोंबलीत. दाटीमुळे खोकल्याची साथ आली आणि मागच्या आठवड्यात चार पिल्लं गेली. पाचवं माझ्या हातात गेलं. कमिटीचे अध्यक्ष येऊन सांगून गेले की पंधरा एप्रिलच्या बैठकीपर्यंत कुत्री सत्तरवर आली नाहीत, तर बाईंनी बाजूला व्हायचं. बाई म्हणजे ही संस्था उभी करून वीस वर्षं चालवणाऱ्या. बिथरलेल्या कुत्र्याच्या कानामागे त्या दोन बोटं ठेवतात आणि तो निवतो. त्या गेल्या तर इथं नुसत्या शेड उरतील.

तुला वाटेल, कुत्री कुणी नेत नसेल. अगं, लोक येतात! पण अर्ज भरावा लागतो. एकेचाळीस प्रश्न, बाईंनी स्वतः लिहिलेले. घर स्वतःचं का, कुंपण केवढं, दिवसाचे किती तास घरी असता, आधीचा प्राणी कसा गेला. मग बाई लाल पेन्सिल घेऊन बसतात आणि खाली अयोग्य लिहितात. परवा एक शिक्षक बायकामुलांना घेऊन आले, तर वकिलानं चक्क त्यांच्या बुटावर डोकं ठेवलं. अयोग्य. कुंपण वीतभर कमी! इकडे फाटकाशी रोज कुणीतरी खोक्यातून नवं पिल्लू सोडून जातंच, त्याला बाई नाही म्हणत नाहीत. आत घ्यायला हो, बाहेर द्यायला नाही. पण त्यांना हे सांगणार कोण? सातवीत शाळा सोडलेला मी?

माया आहे तेवढी राहू दे, पातळ करू नकोस.
तुझा,
भिंगरी

दि. ९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. आशीर्वाद भरपूर आहेत, धीर थोडाच उरलाय.

पत्र दोनदा वाचलं. ही तुझी बारावी नोकरी. काम आवडलं हे तू रंगाच्या कारखान्यातूनही लिहिलं होतंस आणि तिसऱ्या आठवड्यात दारात उभा होतास. तुझे भाऊजी म्हणाले, महिनाभरात येईल. मी तुझी बाजू घेतली, म्हटलं दीड महिना तरी टिकेल. तुझी सामानाची पेटी अजून माझ्या शिलाई मशीनखाली आहे. पायडल मारताना रोज अंगठा आपटतो. पाठवू का विचारलं की तुझं ठरलेलं, नंतर बघू. एकदाचं काय ते कळव.

पिल्लाचं वाचून वाईट वाटलं. हात साबणानं धूत जा.

एक सुचलं ते लिहिते. मी नवी टेप आणली की गिऱ्हाइकाला लावायच्या आधी स्वतःचं माप घेऊन बघते, टेप खरी आहे का ते कळतं. तुझ्या बाईंनी तो अर्ज कधी स्वतःला लावलाय का? त्या राहतात कशा? आपलं सहज विचारते.

जेवत जा, आणि कुणाशी भांडायचंच झालं तर आधी मला कळव.
तुझी,
ताई

दि. १३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न., शिवाय तुझ्या टेपलाही वेगळा नमस्कार!

ताई, तू वर्गात कायम पहिली का यायचीस ते आज कळलं. काल औषधांचं खोकं घेऊन मी मुद्दाम बाईंच्या घरी गेलो. भाड्याची एक खोली, दुसरा मजला. अंगण नाही, कुंपण नाही. सकाळी सहाला निघतात, रात्री आठला पोचतात. घरात दुसरं माणूस नाही. जिना उतरताना मला एकट्यालाच हसू फुटलं, शेजारीण दार उघडून बघायला लागली.

सोबत कोरा अर्ज आहे आणि वेगळ्या चिठ्ठीवर बाईंची उत्तरं, मला कळली तेवढी. तू तुझ्या सुंदर अक्षरात भरून संस्थेच्या पत्त्यावर पाठव. माझं अक्षर त्या अंधारातही ओळखतील, मुंग्यांची रांग म्हणतात त्याला. लवकर कर, आज मोजली तर एकशे चौदा झालीत!

उलट टपालाच्या वाटेवर डोळे लावून बसलेला,
भिंगरी

दि. १८ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

अर्ज आजच टाकला. पण माझ्या अटीवर. खोटं एक अक्षर लिहिलेलं नाही. नाव-पत्त्याच्या जागी लिहिलंय की ओळखीच्या एका बाईंसाठी अर्ज आहे, निकाल कळला की त्या स्वतः भेटतील. प्राणी कोणता हवा, तिथं तुझा वकील लिहिला.

तेविसावा प्रश्न मात्र रिकामा सोडलाय. आधीचा प्राणी कसा गेला, हे तू चिठ्ठीत लिहिलं नव्हतंस आणि मनानं रचायचं मला जमणार नाही.

आणि एक ऐक. निकाल लागला की बाईंना तू स्वतः सांगायचं, चारचौघांत नाही. त्यांचं हसं झालं तर मी तुला घरात घेणार नाही. मग पेटीसकट कुठे जायचं तिकडे जा.

काळजीत, तरी मजेत,
ताई

दि. २४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

तुझा अर्ज काल आला. मी तो गठ्ठ्याच्या मधोमध सरकवला आणि ऑफिसच्या दारातली एकच फरशी चार वेळा धुतली. आत पेन्सिल चालू. भाड्याची खोली, फुली. दुसरा मजला, फुली. चौदा तास बाहेर, फुलीवर फुली. तेविसाव्यापाशी थांबून कडेला लिहिलं, रिकामा सोडलाय, काहीतरी लपवतात. खाली भलं मोठं अयोग्य. वर मलाच हाक मारून म्हणाल्या की बघ रे, कसली कसली माणसं कुत्रं मागतात.

ताई, मी झाडू भिंतीला टेकवला, दार लोटलं आणि सांगून टाकलं की बाई, हा अर्ज तुमचाच आहे. खोली तुमची, जिना तुमचा, तास तुमचे.

म्हटलं, गेली बारावी नोकरीही. बाईंनी अर्ज पहिल्यापासून परत वाचला, ओळीवर बोट ठेवून, मी वाचतो तसा. बाहेर वकील एकटाच कुणाशी तरी वाद घालत होता. मग त्यांनी लाल पेन्सिल बाजूला ठेवली, साधं पेन काढलं आणि तेविसाव्यापुढच्या रिकाम्या ओळीत लिहिलं: फाटक मी उघडं टाकलं होतं. गाडीखाली गेला. चूक माझी.

वीस वर्षांत हा प्रश्न त्यांना उलटून कुणी विचारलाच नव्हता, ताई.

 मग बाई उठल्या, कपाट उघडलं आणि नापास अर्जांचे गठ्ठे माझ्यासमोर टाकले. दोनशेच्या वर! म्हणाल्या, फोन तू लाव, मी लावला तर परत नाहीच म्हणेन. एकेचाळीस प्रश्नांचे चार केलेत. शेवटचा असा आहे, हा प्राणी म्हातारा होईल तेव्हा तुम्ही कुठे असाल?

सकाळपासून एकोणीस फोन झाले, कान तापलाय. शिक्षकांनी मात्र वाट बघून दुसरीकडून पिल्लू आणलं. वकिलाचा नंबर हुकला.

तू आहेस म्हणून उड्या मारणारा,
भिंगरी

दि. १६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. आज नमस्कार दोन. एक माझा, एक बाईंनी सांगितलेला.

काल बैठक झाली. अध्यक्षांनी स्वतः चारही शेड फिरून मोजली. चौऱ्याहत्तर. सत्तर नाही!  पण खोकणारं एकही नव्हतं, ते डॉक्टरांनी पुढे होऊन सांगितलं. मग बाई उठल्या आणि म्हणाल्या की आजारी जनावरं मी बघेन, घरं शोधायचं काम माझ्याकडून काढून घ्या. मला सोडता येत नाही. अध्यक्षांनी विचारलं, मग द्यायचं कुणाकडे? बाईंनी झाडूवाल्याकडे बोट केलं. म्हणजे माझ्याकडे, ताई! सातवी सोडलेल्याकडे! कमिटीनं तीन महिने बघू म्हटलंय. बाई राहिल्या.

मी लगेच कामाला लागलो. पहिला अर्ज स्वतःच भरला, वकिलासाठी. शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं, इथेच. बाईंनी वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या की अकरा नोकऱ्या सोडलेल्याचा हा शब्द मी कसा धरायचा? मी म्हटलं, माझ्या ताईला विचारा, ती खोटं लिहीत नाही.

तेव्हा तुला त्यांचं पत्र येईल, आजच टाकलंय. हा टिकेल का, असं विचारलंय. तू खरं तेच लिहिशील, ते मला ठाऊक आहे. म्हणून एक कर. त्यांना उत्तर लिहायला बसायच्या आत मशीनखालची पेटी पाठवून दे.

तुझा, आणि वकिलाचाही,
भिंगरी