संगणकातली थोरली

प्रिय शेफू,

फोन केला असता, पण तुझा फोन आधी आईच उचलते.

मी पुण्यात काय काम करते हे तू दर वेळी विचारतेस आणि मी सांगेपर्यंत हसायला लागतेस. संगणकात आम्ही वेल्ह्याकडची गावं वसवतो. पाहणीत मिळालेलं प्रत्येक घर, प्रत्येक माणूस, फक्त नावं सोडून. मग वर्षं पुढे ढकलायची. कुणी जन्मतं, कुणी कामाला शहरात जातं, कुणी मरतं. पुढे शाळा कुठं लागेल, दवाखाना कुठं, ते त्यातून कळावं. आपल्या घरातली पहिली पदवी माझी. ती गावाच्या कामी यावी एवढंच मनात होतं.

काल आपल्या वाडीची पाळी आली. मूठभर उंबरे, एक उत्तर चुकलं तरी वाडीचं सगळं भविष्य कलतं, म्हणून एकेक घर तपासत होते. एका घरात बाप शाळेत शिपाई, आई, लग्नाची धाकटी, आणि थोरली पदवीधर, 'लग्न होऊन गेली'. वाडीत पदवीधर मुलगी एकच आहे, शेफू. मी खुर्चीतून उठलेच. पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. दर वेळी संगणक मला सासरी धाडतो आणि विसरून जातो.

आईला फोनवर विचारलं, तर ती चपापलीसुद्धा नाही. म्हणाली, "मग काय सांगू? पाहणीची बाई वट्यावर, भोवती सगळ्या बायका. थोरली घोडनवरी तशीच हाय म्हनलं तर धाकटीला कोन करंल? पुन्यात दिली म्हनलं. भोंगवलीच्या व्याह्यास्नीबी तेच सांगितलंय. जावई बोटीवर असतो म्हनलं." मला आधी हसूच फुटलं. मग म्हणाली, "भोरला लग्नाला येताना डोरलं घाल. कापूरहोळला गाडी बदलशील, तितंच गळ्यात अडकव. लई शिकलीस, येवढं कर."

पाहणीतलं उत्तर मी साहेबांना सांगून दुरुस्त करवून घेतलं. भोंगवलीला दिलेलं उत्तर मात्र तुझ्या संसाराचं आहे, त्याला मी परस्पर हात लावणार नाही. म्हणून हे पत्र. तुला हे ठाऊक होतं का? अमृतला लग्नाआधी तू खरं सांगशील का? सांगितलंस, तर मोकळ्या गळ्यानं येईन आणि करवली होऊन तुझ्या मागे उभी राहीन. जमणार नसेल तर तसं कळव. मी रडेन, पण येणार नाही. डोरलं मात्र घालणार नाही.

तुझीच, लग्न न झालेली ताई,
प्रेरणा