ईश्वरीला कुणी शिकवलं

२३ जाने., गुरु.
पालकांच्या ग्रुपवर आलं : विद्यापीठाच्या संगीत विभागाची शाळकरी मुलांसाठी एक दिवसाची पियानो कार्यशाळा, दोन तारखेला, सांगलीत. खरा पियानो. शिकवायला गोव्याच्या एक बाई. संध्याकाळपर्यंत माझ्या क्लासच्या चार घरांनी नावं घातलीसुद्धा. पोरांना घेऊन मी जायचं, हेही त्यांनीच ठरवलं.

मी खऱ्या पियानोला कॉलेजात असताना एकदा हात लावलाय, तोही झाकणाला. बी. ए. ला माझी पेटी होती. दाराबाहेरच्या पाटीवर मात्र ‘पेटी, कीबोर्ड, पियानो’. पियानो पेंटरनं आपल्या मनानं घातला, जागा उरली होती म्हणून. मी पुसायला लावला नाही.

२७ जाने., सोम.
ईश्वरीला सोडायला तिचे आजोबा आले. (मुलगा फौजेत, त्यामुळे नातीची ने-आण यांच्याकडे. सगळे त्यांना तात्याच म्हणतात.)
‘आवं बाई, पियानू म्हंजे आपली पेटीच न्हवं? जरा थोराड.’
‘जरा वेगळं असतं, तात्या.’
‘किती वेगळं?’
मी हसले फक्त.

ई. अकरा वर्षांची. एकदा ऐकलेलं हातात येतं तिच्या. बाकीच्यांना शिकवते, हिला नुसतं दाखवते. इतक्या चांगल्या कानाचं मूल मला परत मिळायचं नाही, हे मला ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही.

१ फेब्रु., शनि.
मिलिंदची साताऱ्याला बदली झाल्यापासून आम्ही शनिवार-रविवारचे नवरा-बायको. उद्या मी सांगलीला, म्हणजे या आठवड्यात निम्मेच.
तो म्हणाला, ‘पोरांची कार्यशाळा आहे, तू का एवढी धास्तावलीस?’
सांगायला गेले, मग राहू दिलं. मुलांना पहिलं वर्ष मी पेटीच देते, सूर पक्के व्हावेत म्हणून. मग कीबोर्ड. उजवा हात तयार होतो. डावा...
माझा तरी कुठे झालाय.

२ फेब्रु., रवि.
आठवेल तसं लिहिते.

उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी रखडली, तरी वेळेत पोचलो. हॉल मोठा, पोरं खूप. पियानो काळा, उघडा, आतल्या तारा दिसत होत्या. शिकवणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, पांढरा सुती ड्रेस, मराठीला कोंकणी हेल. सगळे त्यांना मॅडम म्हणत होते. कुणावर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्या मुलांतला आदित्य आधी गेला, पेठेतल्या शहांचा. छान वाजवलं, म्हणजे मला छान वाटलं. मॅडमनी त्याचा डावा हात उचलून पाहिला, ओला टॉवेल उचलावा तसा. ‘क्लासला जातोस ना? कळतं. हे आधी सोडवावं लागेल, मग नवीन. वर्ष जाईल, बाबा.’ तो आपला हसत खाली आला, त्याला शाबासकीच वाटली.

मग ई. मॅडमनी एक छोटी धून वाजवली, तिनं ती लगेच परत दिली. दुसरी दिली, लांब. तीही. आणि तेव्हा मी तिचा डावा हात पाहिला. पियानोच्या कडेला धरलेला, आणि पुढे-मागे, पुढे-मागे. भाता मारत होती. सूर मोठा करायचा तिथे जोरात, लहान करायचा तिथे हळू. पियानोला भाता नसतो हे तिच्या हाताला कुणी सांगितलंच नव्हतं.

पोरं हसली. काही आयाही.

मॅडम हसल्या नाहीत. ‘हा हात काय करतोय?’
‘भाता, मॅडम.’
‘तुला कोणी शिकवलं?’

ई.नं मान वळवून मला शोधलं. मी चौथ्या रांगेत. आमची नजर मिळाली, आणि मी खाली पाहिलं. बाटलीचं झाकण लावत बसले. ते लागलेलंच होतं.

‘कुणी न्हाई,’ ती म्हणाली. ‘घरीच वाजवते. आजोबांची पेटी हाय.’

मॅडम विभागाच्या लोकांकडे वळल्या. काय म्हणाल्या ते सगळं ऐकू आलं नाही. ‘कोरा हात’ एवढं आलं. आणि ‘हा कान’.

परत येताना एसटीत आदित्य माझ्या शेजारी. ‘बाई, ईश्वरी खोटं बोलली.’
‘झोप आता. पलूस आलं की उठवते.’
ई. पुढच्या सीटवर. तिनं ऐकलं असणार. मागे पाहिलं नाही.

३ फेब्रु., सोम.
क्लास घेतला. ई. आली नाही, शाळेत कार्यक्रम होता म्हणे.

तिनं मला वाचवलं? की तिला माझी लाज वाटली? की आदित्यचं ऐकून शहाणी झाली : शिकवलेला हात सोडवायला वर्ष, कोरा हात पुढे? तिन्हींत सगळ्यात कमी दुखणारं कुठलं, हे शोधतेय, असं लक्षात आलं. खरं कुठलं, हे नाही.

६ फेब्रु., गुरु.
तात्या एकटे आले. चहा ठेवला, घेतला नाही.

विभागातून फोन आला होता त्यांना. पंधरा तारखेपासून सांगलीत वर्ग, दर शनिवारी, दोन वर्षं, त्याच मॅडमचा. पाच मुलांना घेणार. ज्यांच्या गावात शिकवणारं कुणी नाही, त्यांच्यासाठीच आहे. ई.चं नाव पहिलं.

‘त्या म्हनल्या, पोरीला शिकवनारं कुनी न्हाई म्हनून घेतली. मी सांगनार हुतो, आवं हाय की आमच्या बाई. तर पोरीनं माझ्या पायावर पाय दिला.’
मी कपावर बशी झाकली.
‘फौजेतनं लेकाचा फोन आलावता. लय खूश हाय. तिथं सगळ्यांस्नी सांगत सुटलाय.’ मग जरा थांबून, ‘बाई, मी अडानी मानूस. पन खोट्यावर पोरीला उभी करायची का न्हाई, ते तुमी सांगा. तुमी म्हनाल तसं. तुमी म्हनला खरं सांगा, तर आत्ता फोन लावतो.’
‘दोन-चार दिवस द्या, तात्या.’
‘द्यायला काय. पर शनिवार येतोय.’

जाताना पाटीकडे बघून गेले. की मलाच तसं वाटलं.

७ फेब्रु., शुक्र.
कार्यशाळेच्या दिवशी जेवणाच्या रांगेत भेटलेली बाई आठवली. शिराळ्याकडची. तिची मुलगी मोबाईलवर बघून शिकते, कीबोर्ड चुलतभावाचा, तो देईल तेव्हा. ‘आमच्याकडं शिकवायला कोन हाय?’ म्हणाली. तक्रार नव्हती, हवापाणी सांगावं तसं. मुलगीही वाजवायला गेली होती. अडखळली, पण दोन्ही हात होते. पाचात तिचं नाव आहे का, तात्यांना माहीत नव्हतं. नसेल, तर ती कदाचित सहावी असेल.
हे नुसतं कदाचित आहे. पण जात नाही डोक्यातून.

८ फेब्रु., शनि.
मि. सकाळी आला. सगळं सांगितलं, बाटलीच्या झाकणासकट.

‘मग काय अडलं? तू गप्प बस. पोरीचं भलं होतंय.’
‘खोट्यावर?’
‘तुझं शिकवणं असून नसल्यासारखंच होतं की, डाव्या हाताचं. तूच म्हणतेस.’
मी विळी ओढून घेतली.
मग तो म्हणाला, ‘खरं सांग. खोटं टोचतंय, का तुझं नाव गेलं ते?’

भाजी चिरत होते, चिरत राहिले. तो वाईट माणूस नाही. जेवताना म्हणाला, लागलं का तुला. नाही म्हटलं. म्हणजे आज मीही खोटं.

दुपारी ई. आली. बाकी मुलं गेल्यावर तिला थांबवलं. विचारायचं नाही असं ठरवलं होतं.
‘त्या दिवशी कुणी नाही का म्हणालीस?’
ती चपलेच्या पट्ट्याशी खेळत राहिली. मग म्हणाली, ‘तुमी खाली बघितलं, बाई.’
‘मग?’
‘मला वाटलं, सांगू नको म्हणताय.’

सरळ म्हणाली. गृहपाठ सांगितला तसा केला, अशा आवाजात. तीन कारणं काढून बसले होते मी, तिन्ही तिच्या माथी. हे चौथं सुचलंच नाही.

‘चुकलं का माझं?’
‘नाही गं.’
‘मग शनिवारी जाऊ ना?’
तात्या हाका मारत होते बाहेरून. तिला तेवढ्यावर जाऊ दिलं.

१० फेब्रु., सोम.
ठरवलं : मीच मॅडमना सांगायचं. तात्यांनी नाही, ई.नं तर नाहीच. सांगायचं की मी शिकवलं, वाईट शिकवलं, पण कान तिचा स्वतःचा आहे. तिला राहू द्या. आणि शिराळ्याच्या मुलीचं बघा.
मग वरचं वाचून पाहिलं. ‘तिला राहू द्या’ म्हणायचा मला काय अधिकार? नियम माझ्यासाठी वाकवा, असंच झालं ते. आणि नाही म्हणाल्या तर? तिच्या वडिलांनी अख्ख्या पलटणीला सांगितलंय. नाही म्हणाल्या तर ती परत माझ्याकडे येईल. याच्यासाठीच तर सांगत नाही ना मी?
वाक्याच्या कुठल्या टोकाला माझा स्वार्थ आहे, तेच सापडत नाही. दोन्हीकडे आहे.

१२ फेब्रु., बुध.
तात्यांचा सकाळी निरोप : उद्या येतो, काय ते सांगा.

क्लासच्या आधी मॅडमना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलतील असं वाटलं नव्हतं.
‘मी पलूसहून बोलतेय. ईश्वरीची...’
‘अगो, ईश्वरीची आई ना? मी तुम्हालाच फोन करणार होते. पोरीला सांभाळून आणा हं. वीस वर्षांत असं मूल मी पाहिलं नाही. एकच सांगा, गावात कोणी थोडंफार संगीत जाणणारं आहे का? मधल्या दिवसांत नुसतं तिच्यापाशी बसायला. शिकवायला नको, बसायला.’

पलीकडे कुणी तरी पियानो वाजवत होतं. दोन्ही हातांनी.

‘विचारून सांगते,’ म्हटलं.
‘कोणाला?’ असं काही त्यांनी विचारलं नाही. बरं म्हणाल्या, फोन ठेवला. मी आई नाही, बाई, हे सांगायचं राहिलंच.

मुलं आली. ई. सगळ्यांच्या आधी. शनिवारी कुठले कपडे घालू, विचारत होती.