बंद दारामागची किंकाळी

मी, वय वर्षे त्र्याहत्तर, चित्रपटांसाठी पावले, दारे आणि वारा यांचे आवाज करण्यात हयात घालवलेली बाई, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर राहून माझी शेवटची इच्छा लिहून ठेवते. शुद्धीवर आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. डोक्यातला गोंधळ मात्र त्यांच्या कागदात मावला नाही.

१. लाकडी पेटीतली हत्यारे, म्हणजे गंजकी बिजागरी, सात जोड बूट, वाळूची उशी आणि चामड्याचा तुकडा, माझ्या विद्यार्थिनीला द्यावीत. बिजागरीला तेल घालू नये. आमच्या चित्रपटांच्या संगीतकाराला काहीही देऊ नये. मी प्रसंगात मुद्दाम राखलेल्या शांततेवर त्याने तीनदा व्हायोलिन वाजवले आहे.

२. ती किंकाळी.

माझ्या तरुणपणी भयपटांत भूत समोर येऊन उभे राही: पीठ फासलेला चेहरा, वीतभर नखे, मागे ढोल. प्रेक्षक हसत. आमच्या दिग्दर्शकाने भूतच काढून टाकले. पडद्यावर नुसते बंद दार ठेवले. बिजागरी करकरते, चार पावले, शांतता, मग एक किंकाळी. दारामागे काय होते, ते ज्याने त्याने आपल्या भीतीप्रमाणे पाहिले. पुढे वीस वर्षे प्रत्येक भयपटवाल्याला तसलेच दार हवे होते. किंकाळी तर निदान तीस चित्रपटांनी जशीच्या तशी उचलली.

ती आम्ही भर दुपारी ध्वनिमुद्रित केली. माझी धाकटी बहीण पडद्यावरच्या नायिकांना आवाज देई; किंकाळी तिनेच द्यायची होती. मी शेजारी बिजागरी घेऊन उभी. अकरा वेळा झाले. दिग्दर्शक म्हणाला, "बाई, हे गाणं वाटतंय." बाराव्या वेळी त्याने न सांगता दिवे घालवले आणि पत्र्याचे कपाट ढकलून पाडले. फितीवर एकच किंकाळी उमटली. दिवे लागले तेव्हा दोघींची तोंडे उघडी होती.

ध्वनिमुद्रकाने फितीच्या डब्यावर माझे नाव लिहिले.

धाकटी म्हणाली, "ताई, तो माझा आवाज आहे. माझा मला कळत नाही का?"

"मग माझा घसा बसलाय तो काय उगाच?"

तिचाही बसला होता. त्या नावावर मला कामे मिळत गेली, तिची हळूहळू आटली. वर्षभरात त्याच ध्वनिमुद्रकाशी माझे लग्न झाले आणि धाकटीने बोलणे टाकले. एकेचाळीस वर्षे.

यजमान जाण्याआधी चार दिवस म्हणाले, "खरं सांगू? मला कळलंच नव्हतं कोण ओरडलं ते. हात तुझ्या नावाकडे आपोआप गेला." यावर रागवावे की रडावे, मला अजून उमगलेले नाही.

मागच्या महिन्यात मी फीत घेऊन धाकटीच्या दारात उभी राहिले. तिने आत घेतले. स्वयंपाकघरात बसून आम्ही ती सहा वेळा ऐकली. तिसऱ्यांदा मला ती तिची वाटली आणि तिला माझी. पाचव्यांदा उलट. शेवटी धाकटी हळूच म्हणाली, "ताई, आईसारखी नाही वाटत?"

आई तर त्या ध्वनिमुद्रणाच्या दोन वर्षे आधी गेलेली. आम्ही यंत्र बंद केले.

तरी, डब्यावरचे माझे नाव पुसावे. त्या जागी कोणाचे लिहावे, हे मला ठरवता आलेले नाही.

३. राहते घर मी धाकटीला लिहिले होते. आज सकाळी वकीलबाईंनी बजावले, "ज्यांना काही मिळतंय, त्यांनी साक्षीदार म्हणून सही करायची नसते."

धाकटी पेन उघडून बसली होती. म्हणाली, "मग माझं घर काढा त्यातून."

"वेडी आहेस का? अख्खं घर जातंय!"

"जाऊ दे. डब्यावर नाव यायचं राहिलं ते राहिलं. या कागदावर तुझ्या खाली माझं येऊ दे."

वकीलबाई माझ्याकडे पाहू लागल्या. एवढ्या वर्षांत तिला काय हवे होते, ते मला आज तरी नीट कळले का, हेही सांगता येत नाही. घर भाचीला, म्हणजे धाकटीच्या मुलीला, देते.

वरील सर्व मला वाचून दाखवले. जे समजले ते मान्य आहे. जे समजले नाही तेही मान्य आहे.

स्थळ: माझी पुढची खोली
तारीख: सतरा ऑक्टोबर, सकाळी साडेअकरा

लिहून देणार: थोरली (सही)
साक्षीदार: समोरची शिंपीण (सही)
साक्षीदार: धाकटी (सही, जागेपेक्षा मोठी आली आहे, तरी ग्राह्य धरावी)